तलावाकाठचं गोरज लग्न: फुलं ठरवण्याआधी सूर्य कुठे मावळतो ते बघा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी कशाचं उत्तर देतेय ते दोघांनाही कळेल. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, शुक्रवारी, पवई तलावाच्या काठच्या एका लॉनवर तुमच्या धाकट्या बहिणीचं लग्न आहे. गोरज मुहूर्त, 6 वाजून 4 मिनिटांचा. माणसं 250. डेकोरेटरने मोबाइलवर एक फोटो दाखवलाय: पांढऱ्या हायड्रेंजियाची 10 फुटी कमान, तिच्यामागे फुलांची सलग भिंत, वरून लोंबणारी फुलांची झुंबरं आणि पाण्यावर तरंगणारी फुलं. साडेचार लाख सांगतोय. बहिणीला पेस्टल हवंय, आईला झेंडूच हवाय, बाबा म्हणतायत एवढे पैसे कशाला, आणि तुम्ही विचारताय, 'हायड्रेंजिया संध्याकाळपर्यंत टिकेल का?'

त्याचं उत्तर खाली आहे. पण मी तुमच्या जागी असते तर आधी घड्याळ काढून बसले असते.

मुंबईत त्या आठवड्यात सूर्यास्त साधारण 6:02 ला होतो. म्हणजे अंतरपाट दूर होईल त्या मिनिटाला सूर्य नुकताच बुडालेला असेल. आपल्याकडे संधिप्रकाश फार रेंगाळत नाही, वीस-पंचवीस मिनिटांत संपतो. 6:25 नंतर पवईचा तलाव म्हणजे एक काळी चादर आणि पलीकडच्या काठावर इमारतींचे दिवे. पाहुणे पाच-सव्वापाचला येऊ लागणार. हिशेब करा, ज्या तलावासाठी तुम्ही लॉनचं एवढं भाडं भरताय तो लोकांना जेमतेम सवा तास दिसणार आहे. आणि त्या सवा तासात डेकोरेटर त्याच्यापुढे फुलांची भिंत उभी करणार आहे. बाबांचं म्हणणं मला पटतं, पण वेगळ्या कारणासाठी. फुलं महाग आहेत हा मुद्दा नाही. त्या पैशांत तुम्ही तलाव झाकून घेताय.

मी गेली 22 वर्षं लग्नांचं फुलांचं काम करते. सुरुवात वेण्या आणि रुखवतापासून, मग हॉल, मग लॉन. हॉलमध्ये भिंतच कुरूप असते, ती झाकायला फुलं लागतात. आमच्या धंद्यातली निम्मी डोकी अजून हॉलच्या हिशेबानेच चालतात आणि तीच सजावट उचलून पाण्याकाठी नेऊन ठेवतात. काठावर फुलांचं काम उलटं असतं. मागचं दृश्य मोकळं ठेवायचं, त्याला चौकट द्यायची, आणि अंधार पडला की जवळच्या गोष्टी उजळायच्या. म्हणजे सजावटीचे दोन अंक: पहिला 6:25 पर्यंतचा, दुसरा त्यानंतरचा. तुमच्या डेकोरेटरचा फोटो बहुधा भर दुपारी, थंड देशात काढलेला असणार. त्यात दुसरा अंक नाहीच.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते. तुम्ही लिहिलं नाही की लॉन तलावाच्या कोणत्या बाजूला आहे, आणि त्यावर बरंच अवलंबून आहे. डिसेंबरात सूर्य नेमका पश्चिमेला मावळत नाही, चांगला दक्षिणेकडे सरकलेला असतो, नैऋत्येच्या जवळ. मंडपाच्या मागे तलाव आणि तलावाच्या मागे मावळता सूर्य अशी रचना असेल तर पाचनंतर सगळे पाहुणे डोळ्यांवर हात धरून बसतील, आणि मंडपातली फुलं, पांढरी असोत की गुलाबी, नुसत्या काळ्या आकृत्या दिसतील. तिथे महाग फूल म्हणजे पैसे पाण्यात. आकार चालतो, रंग चालत नाही. केळीचे खांब, सुपारीच्या झावळ्या, आंब्याचे टहाळे, ज्यांची कड स्पष्ट असते असलं काहीतरी उभं करावं. उलट तलाव पूर्वेला असेल तर मावळतीचं ऊन मंडपाच्या तोंडावर येतं. रंग अप्रतिम दिसतात, पण फुलं दुपारी तीनपासून भाजत राहतात, कारण मुंबईत डिसेंबरातही पारा 31-32 पर्यंत जातो. तेव्हा एक काम करा. आजपासून कोणत्याही एका दिवशी संध्याकाळी पाच ते साडेसहा तिथे जाऊन उभे राहा, पाहुणे बसणार त्या बाजूला, मंडप येणार तिकडे तोंड करून, आणि दर पंधरा मिनिटांनी एक फोटो काढा. ते सात फोटो मला डेकोरेटरच्या फोटोपेक्षा जास्त सांगतील. गुरुजींनाही आधी विचारा, कारण होमाला वधूवर पूर्वेकडे तोंड करून बसतात. मंडप कसा फिरणार हे तिथूनच ठरतं, डेकोरेटरच्या चित्रावरून नाही.

वाऱ्याचं लोक विसरतातच. दुपारनंतर समुद्राकडून वारा येतो, पवईपर्यंत पोचतो, आणि तलावाच्या पाण्यावरून येताना त्याला अडवायला एक झाडसुद्धा नसतं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. 10 फूट बाय 8 फुटांची सलग फुलांची भिंत म्हणजे होडीचं शीडच. आणि कमानीचं वजन बघा: फुलं खोचायचा तो हिरवा फोम, त्याची नेहमीची वीट पाणी प्यायली की साधारण 2 किलो भरते. कमानीला तसल्या 40 विटा लागल्या तर 80 किलो, आणि त्यातलं बरंचसं वजन डोक्यावर. ही कमान लॉनच्या मऊ मातीवर, मागून वारा, खाली तुमची बहीण. डेकोरेटरला हायड्रेंजियाबद्दल विचारण्याआधी हे विचारा की पायाशी किती वजन टाकणार. वाळूची पोती, पाण्याचे कॅन, काहीही चालेल. 20 लिटरचा एक कॅन म्हणजे 20 किलो, हिशेब सोपा आहे. नुसता खुंटा ठोकतो म्हणाला तर काम देऊ नका. खुंट्यावर माझा विश्वास नाही, लॉनला आदल्या रात्री पाणी घातलेलं असतं.

माझी स्वतःची फजिती सांगते. मावळात एका धरणाच्या काठी लग्न होतं, माझं पाण्याकाठचं दुसरं की तिसरं काम. मी मंडपाच्या मागे निशिगंधाच्या 60 लडी सोडल्या होत्या, एकेक सात फुटांची. तीनला काम संपलं, इतकं सुंदर दिसत होतं की मीच फोटो काढत बसले. चारला वारा सुटला. सव्वाचारला त्या 60 लड्यांचे चार जाड दोर झाले होते, वेणीसारखे पिळलेले, आणि खाली गवतावर कळ्यांचा सडा. माझा एक कारागीर शिडीवर उभा राहून मुहूर्त लागेपर्यंत ते सोडवत होता. वऱ्हाडातल्या एका आजींनी मला विचारलं, 'हे असंच असतं का हो?' मी हो म्हणाले. तेव्हापासून सरी मोकळ्या सोडत नाही. वर जसा पाइप तसा खाली एक बांबूची कांब घालते, प्रत्येक सरीचं टोक तिला बांधते, आणि सरींमध्ये वीतभर अंतर ठेवते. वारा मधून निघून जातो आणि मधून तलावही दिसतो.

आता हायड्रेंजिया. या फुलाच्या नावाचा ग्रीक अर्थच पाण्याचं भांडं असा आहे, आणि ते तसंच वागतं. दांड्यातून पाणी पोचायला जरा खंड पडला की तासाभरात मान टाकतं, आणि तेही सगळं फूल एकदम. दांडा पुन्हा तिरका कापायचा, कापलेलं टोक तुरटीच्या पुडीत बुडवायचं, मग पाण्यात ठेवायचं, फूल उलटं करून पाण्यात बुडवलं तरी पाकळ्या पाणी पितात, हे सगळे उपाय आहेत आणि चालतात. पण ते खोलीत चालतात. उन्हात, वाऱ्यात, 10 फुटांवर, फोममध्ये खोचलेल्या फुलाला मध्येच कोण तुरटी लावणार? तेव्हा तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर: कमानीवर नाही टिकणार. मंडपाच्या सावलीत, पाणी असलेल्या भांड्यात, साडेचारनंतर मांडलं तर टिकेल. बहिणीचा जीव त्यात अडकला असेल तर दोन भांडी हायड्रेंजियाची करा, वधूवरांच्या शेजारी, जिथे ते फोटोत येईल. 200 दांडे नकोत, 20 पुरे.

त्याच्या जागी काय? डिसेंबर तसा फुलांच्या बाबतीत दयाळू महिना आहे. शेवंतीचा भर असतो, पांढरी, पिवळी, आणि ती फिकट जांभळटसर गुलाबी. शेवंती पाण्याबाहेरही तग धरते, वारा खाते, आणि लांबून हायड्रेंजियाचा गोळा वाटावा अशी तिची गुंफण जमते. कार्नेशन चिवट. डच गुलाब तळेगाव, मावळाकडच्या पॉलीहाऊसमधून येतात, डिसेंबरच्या थंडीत त्यांच्या कळ्या मोठ्या आणि घट्ट असतात, फेब्रुवारीत व्हॅलेंटाइनच्या आधी जे भाव भडकतात तेही अजून दूर असतात. ऑर्किड उष्णतेला घाबरत नाही, उलट थंडीला घाबरतं. एखादा हुशार माणूस रात्रभर फ्रिजमध्ये टाकेल आणि सकाळी पाकळ्या पाणचट होतील, तेवढं सांभाळा. निशिगंध माझा लाडका. दिवसा गप्प असतो, अंधार पडला की वास सोडतो. तुमच्या दुसऱ्या अंकाला अगदी हवा तसा. तलाव दिसेनासा होतो आणि वास सुरू होतो.

मोगरा मात्र डोक्यातून काढा. तो उन्हाळ्याचा. डिसेंबरात जो मोगरा म्हणून मिळेल तो थोडा आणि महाग, आणि पुष्कळदा तो कागडा असतो, दिसायला तसाच, वासाला जेमतेम. गजऱ्यांना कागडा खुशाल घ्या, फक्त मोगऱ्याच्या भावाने घेऊ नका.

बाजाराचं एक गणित तुमच्या तारखेमुळे सांगायलाच हवं. तो आठवडा मार्गशीर्षात येत असेल तर तुमच्या लग्नाच्या आदल्या दिवशी मार्गशीर्षातला गुरुवार आहे. दादरच्या फुलबाजारात बुधवार संध्याकाळपासून जी झुंबड उडते ती बघायची असेल तर जरूर जा, खरेदीला जाऊ नका. शेवंती, झेंडू, अ‍ॅस्टर, वेण्या, म्हणजे सुट्या फुलांचं सगळं चढतं. लांब दांड्याच्या फुलांना मात्र गुरुवारच्या पूजेचं गिऱ्हाईक नाही, त्यांचा भाव स्थिर असतो. म्हणून मी असं करते: गुलाब, कार्नेशन, ऑर्किड, निशिगंधाच्या काड्या गुरुवारी पहाटेच उचलायच्या, दांडे पाण्याखाली तिरके कापायचे, खालची पानं काढायची आणि स्वच्छ बादल्यांत सावलीत रात्रभर पाणी पिऊ द्यायचं. सुटी फुलं शुक्रवारी पहाटे चारला. गुरुवार सरलेला असतो, व्यापाऱ्याचाही नूर बदललेला असतो. सकाळी सातपासून ओवायला बसलं की दुपारपर्यंत सरी तयार. डेकोरेटर म्हणेल की तो सगळा माल बुधवारीच घेऊन ठेवतो, भाव तुम्हाला बुधवारचा लावेल आणि फुलं दोन दिवसांची शिळी. विचारून ठेवा.

रंगाचं भांडण, आई विरुद्ध बहीण. माझ्याकडे दर सीझनला हे एकदा तरी येतं आणि दोघींचंही बरोबर असतं, फक्त वेळा वेगळ्या. संधिप्रकाशात आपल्या डोळ्यांना लाल रंग सगळ्यांत आधी काळा दिसू लागतो. मरून गुलाब सव्वासहाला काळे. जांभळी शेवंती त्याच्या मागोमाग. पांढरा आणि फिकट पिवळा शेवटपर्यंत दिसतात. पेस्टलचं संकट निराळं: पीच, फिकट गुलाबी, मोतिया, हे तिन्ही रंग पिवळ्या दिव्यांखाली एकच होतात, सायीसारखे. दुकानात उभं राहून पीच आणि ब्लश यांत तासभर घोळ घालण्यात अर्थ नाही, रात्री फोटोतही फरक दिसणार नाही. म्हणून मी वाटणी अशी करीन. वधूवरांच्या मागच्या-शेजारच्या फुलांत पांढरं आणि बहिणीचे फिकट रंग, पण त्यात फिकट हिरवी किंवा पांढरी शेवंती भरपूर, म्हणजे अंधारात आकार राहील. झेंडू प्रवेशद्वाराला, होमाच्या चौकटीला आणि जेवणाच्या बाजूला. प्रवेशद्वार पाहुणे उजेडात बघतात, तिथे कलकत्ता गोंड्याचा केशरी रंग उन्हात पेटतो. आणि होमाच्या ज्वाळेशेजारी झेंडूइतकं काहीच शोभत नाही, हे माझं मत आहे, बहिणीला माझ्या नावावर सांगा.

होमावर फुलांचं झुंबर मात्र नको. खालून धग, वारा फिरला की ठिणगी, आणि वर वाळत चाललेलं जिप्सो, ती बारीक पांढऱ्या फुलांची काटकी. मी असं काम घेत नाही. होमकुंडाच्या डोक्यावरची जागा मोकळी, बाजूच्या सरी हातभर दूर.

फिकट रंगांवरून आठवलं, रंगवलेली फुलं ओळखा. निळं ऑर्किड, आकाशी शेवंती, पुदिना रंगाचं जिप्सो, ही सगळी रंगात बुडवलेली किंवा फवारलेली असतात. तलावाकाठी रात्री दव पडतं, कारागीर वरून पाणी शिंपडतात, आणि तो रंग उतरतो. एकदा एका काकूंच्या ऑफव्हाइट पैठणीच्या पदरावर निळा ठिपका पडला, तो कधीच निघाला नाही. ओलं टिश्यू पाकळीवर घासून बघा, कळतं. तसंच लिली असेल तर उमलल्याबरोबर आतले पुंकेसर चिमटीने काढून टाकायला सांगा. तो केशरी पराग कपड्यावर पडला तर हाताने किंवा ओल्या रुमालाने पुसायचा नाही, चिकटपट्टी दाबून उचलायचा. हे घरातल्या सगळ्या मावश्यांना आधीच सांगून ठेवा, कारण मावशीचा पहिला हात पदर पुसायलाच जातो.

दिव्यांकडे येते. पाण्याकाठी अंधार पडला की चिलटं उठतात आणि सर्वांत उजळ दिव्याकडे धावतात. तो दिवा मंडपात पांढऱ्या फुलांवर रोखलेला असेल तर आठपर्यंत पांढरी फुलं ठिपक्याठिपक्यांची होतात आणि गुरुजी तोंडावरून हात फिरवत मंत्र म्हणतात. मंडपात मंद, पिवळट दिवे. एक-दोन प्रखर पांढरे दिवे मुद्दाम दूर, लॉनच्या रिकाम्या कोपऱ्यात, काठापासून लांब. चिलटं तिकडे जातात. सगळी नाही, पण बरीचशी. आणि काठालगत, जमिनीपासून गुडघाभर उंचीवर, दिव्यांची एक ओळ. पाण्यावर बारीक लाटा असल्या की त्या दिव्यांच्या लांबच लांब रेघा उमटतात. तुम्ही तलावासाठी जे पैसे भरलेत ते रात्री वसूल करायचा हा एकच मार्ग मला सापडलाय, आणि त्याला एकही फूल लागत नाही.

आता तरंगती फुलं. नाही. पवई तलावात मगरी आहेत, ही दंतकथा नाही, काठावर ऊन खाताना लोक बघतात. तुमच्या डेकोरेटरची पोरं संध्याकाळी कमरेभर पाण्यात उतरून फुलं सोडणार आणि रात्री काढणार, हे मला नुसतं वाचूनच घाम फुटला. शिवाय फोमच्या चकत्या, तारा, नायलॉनचा दोरा, सगळं पाण्यात राहतं. तो हिरवा फोम कुजत नाही, चुरा होऊन प्लास्टिकचे कण होतात. आणि फुलांचा ढीग पाण्यात सडला की तिथला प्राणवायू संपतो, मासे वर येतात. एका नवऱ्या मुलीने मला तलावातली ती जांभळी फुलं मंडपात हवीत असं सांगितलं होतं. ती जलपर्णी. दिसते सुरेख, तोडली की काही तासांत मिटते, आणि तलावाचा गळा आवळणारं तण आहे ते. लग्नाआधी आठवडाभर लॉनसमोर जलपर्णी किती आहे हेही बघून ठेवा. वाऱ्याबरोबर ती एका काठाहून दुसऱ्या काठाला सरकते, आणि कधीकधी तुमच्या समोर पाणी नसून हिरवं शेत असतं.

पाण्यावर फुलं बघायचीच असतील तर पाणी जमिनीवर आणा. तुमच्या किंवा मामांच्या घरी माळ्यावर पितळेचं घंगाळ असेल, एखाद्या घरात दोनही असतात. चिंचेने घासून लखलखीत करा, गळ्यापर्यंत पाणी भरा, आणि फुलं थोडी ठेवा. इथेच बहुतेकांचा हात घसरतो, पाणी दिसू नये इतकी फुलं टाकतात, मग ती फुलांची कोशिंबीर होते. माझ्या हातचं घंगाळ असं असतं: मध्ये एक कमळ, त्याच्या बाहेरच्या पाकळ्या हाताने अलगद आत दुमडलेल्या, कारण बाजारात कमळ मिटलेलंच मिळतं आणि ते आपण उघडून दुमडावं लागतं. हे काम पाच वाजता, आधी नाही, दुमडलेली पाकळी दोन-तीन तासांत काळवंडू लागते. कडेने पांढरी शेवंती सात-आठ, देठ काढून, आणि तीन तरंगते दिवे. बाकी पाणी मोकळं. वाकून बघितलं तर आभाळ दिसलं पाहिजे. अशी सहा घंगाळं वाटेच्या दोन्ही बाजूंना ठेवली की बहीण मामाच्या हाताला धरून येताना तिच्या साडीचा रंग प्रत्येकात एकदा हलतो. फोटोग्राफरला सांगावं लागत नाही.

तर पैशांचं. तुमचे दर, कारागिरांची मजुरी, लॉनवाले बाहेरचा माणूस आत घेतात की नाही, यावर आकडा बदलतो, म्हणून आकडा सांगत नाही, वाटणी सांगते. फुलांच्या बजेटचा जवळपास निम्मा भाग वधूवरांपासून सहा फुटांच्या आत. त्यात हार, मुंडावळ्या, गजरे, बाजूचे दोन खांब आणि भांडी आली. पाव भाग प्रवेशद्वार आणि वाट. उरलेल्यात जेवणाच्या टेबलांवर काहीतरी बुटकं, समोरचा माणूस दिसेल असं, आणि थोडे पैसे हातात राखून, कारण शुक्रवारी पहाटे काहीतरी मिळणार नाही हे ठरलेलं आहे. मागची भिंत, झुंबरं, तरंगती फुलं, तिन्ही रद्द. कमान ठेवायची तर तिच्या दोन बाजू असमान करा, एक खांब फुलांनी भरगच्च खांद्यापर्यंत, दुसरा फक्त गुडघ्यापर्यंत, वरचा पाइप कामिनीच्या पानांनी झाकलेला. वजन खाली येतं, तलाव मधून दिसतो, आणि फोमऐवजी कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जाळी गुंडाळून तिच्यामागे पाण्याच्या नळ्यांत दांडे खोचता येतात. साडेचार लाखांची गोष्ट बरीच खाली येईल.

हार तुम्ही स्वतः ठरवा, डेकोरेटरवर सोडू नका. जड गुलाबाचा हार फोटोत भारी दिसतो आणि होम संपेपर्यंत मान दुखवतो. निशिगंध आणि शेवंतीचा मध्यम हार, खाली एकच गुलाबाचा गोंडा, पुरे. हारावर पाणी शिंपडू देऊ नका, शालूवर डाग पडतात. गजरे सकाळी आले की ओल्या पंच्यात, वर केळीचं पान, स्टीलच्या डब्यात, झाकण किंचित उघडं. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात चालेल, बर्फाच्या कप्प्याजवळ नाही.

रात्री उतरवण्याचं आत्ताच लिहून घ्या. लाउडस्पीकर दहाला बंद होतात, माणसं अकरापर्यंत जातात, आणि मग डेकोरेटरची पोरं दमलेली, टेम्पोची घाई, काठ हाताच्या अंतरावर. फुलं तलावात जातात ती तेव्हा. फुलं एका पोत्यात, तारा-फोम दुसऱ्या पोत्यात, आणि दोन्ही टेम्पोत चढलेली दिसल्यावरच शेवटचा हप्ता, असं आधी बोलून ठेवा. घरातला एक जागा राहणारा चुलतभाऊ या कामावर नेमा. झेंडू आणि शेवंती दोरा काढून सोसायटीच्या खतखड्ड्यात जातात, आईला सांगा म्हणजे ती हरखेल.

ते सात फोटो काढलेत की लॉनची दिशा आणि कमानीच्या पाइपची उंची कळवा. घंगाळं सहा पुरतील की आठ, आणि कोणता खांब भरगच्च ठेवायचा, ते मला त्यावरून सांगता येईल.